शुक्रवारच्या आधी

एर्मेरा, १३ ऑगस्ट २०१४

प्रिय नातेर्सियाताई,

तू पाठवलेली शाल मिळाली, उबदार आहे. कॉफीची तोडणी निम्मी झाली, अंगणभर बिया वाळत पडल्यात. तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे डार्विनमध्ये डॉक्टर काय म्हणतात?

माझं संग्रहालयाचं काम चालू आहे. सैनिकांपासून कमांडर तोमे लपले होते त्या घरातली त्यांची खाट, रेडिओ, तडकलेला आरसा, सगळं रोज पुसते. पाहुणे हमखास विचारतात, "त्यांना पकडून कुणी दिलं?" मी सांगते, "ते कधी कळलंच नाही." बारा वर्षं सांगतेय.

रविवारी एक म्हातारा आला. काठी टेकत आतल्या खोलीत गेला आणि माझ्याकडेच बघत राहिला.

"मोठी झालीस गं. तेव्हा मक्याचं कणीस होतं तुझ्या हातात."

आवाजावरून ओळखलं. एलेउतेरियो, तेव्हाच्या परक्या सैनिकांचा दुभाषा. शुक्रवारी युद्धाच्या आठवणी टेप करायला राजधानी दिलीहून माणसं येणार आहेत.

"मी सगळं सांगणार. मरायच्या आधी मोकळं व्हायचंय," तो म्हणाला.

"माझं नाव घ्याल?"

"विचारलं तर घेईन."

तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. बाजारात दोघी कुजबुजल्या तरी वाटतं, माझ्याबद्दलच बोलताहेत.

ताई, आता लिहितेच. मी अकरा वर्षांची होते. सैनिकांनी आईला गुडघ्यांवर बसवून मानेला बंदूक लावली. दुभाष्यानं मला विचारलं, "कुठलं घर?" मी बोट दाखवलं. कमांडरसोबत तुझा नवरा आब्रांवही आत आहे, हे मला माहीत होतं. सकाळीच तू त्याला जेवण देऊन आली होतीस. दोघंही परत आले नाहीत. आई शेवटपर्यंत बजावत राहिली, "नातेर्सियाला कळता कामा नये."

काल कमांडरच्या पत्नीकडे, दोना इदालिनांकडे गेले. त्या बिया निवडत होत्या. सगळं सांगितलं, तरी त्यांचे हात थांबले नाहीत. मग म्हणाल्या, "आईला सोडलं का त्यांनी?"

"हो."

"मग उद्याही घर उघड. फक्त लोकांना खोटं सांगू नकोस."

आज एका शिक्षिकेनं तोच प्रश्न विचारला. "मी," म्हणाले. एक बाई मुलांना घेऊन बाहेर निघून गेली. शिक्षिका तेवढी थांबली आणि मला पाणी दिलं.

संध्याकाळपर्यंत गावभर होईल, मग कुणीतरी तुला फोन करेल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र सिस्टर लुर्देसकडे देतेय, त्या उद्याच्या विमानानं डार्विनला निघताहेत. फोनवर बोलायची छाती झाली नाही. शुक्रवारची भीती वाटते, पण तुझ्या उत्तराची त्याहून जास्त. उत्तर आलंच नाही तर, याची सगळ्यात जास्त.

'तुझी धाकटी' लिहायला हात धजत नाही. नुसतं नाव लिहिते.

फिलोमेना