वेल्डरचा दुसरा मास्क

ताई,

झोपेत माझा श्वास अडकतो म्हणून डॉक्टरांनी मास्कचं मशीन दिलं. पण दिवसभर वेल्डिंगचा मास्क घातल्यावर घरी पुन्हा मास्क? मी तो न लावताच झोपायचो. वर्षभर धड झोप नाही. कधी रडू फुटायचं, कधी रागात हातोडा भिंतीवर बसायचा.

सुट्टीच्या त्या दुपारी झोपेत माझा श्वास थांबलेला पाहून तू मला हलवलंस आणि मी तुझा गळा आवळला. तू सगळ्यांना सांगितलंस, "झोपेत होता बिचारा, त्याचा काय दोष?"

मी जागा झालो होतो, ताई. तुझा चष्मा फुटला, तू "सोन्या, सोड" म्हणालीस, सगळं ऐकलं. त्यानंतर आणखी जोरात आवळला.

आता मी रोज मास्क लावतो. तू मात्र मी जागा असलो की तुझ्या खोलीला आतून कडी घालतेस, आणि मी झोपलो की उघडतेस.

तुझाच,
सोन्या