रिकामा पाव फेरा

चाकण, ४ डिसेंबर

ती. अप्पांस,
विरूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोन तुम्ही हातात धरत नाही, म्हणून तुमच्यासाठी अजून पत्रं लिहितो. दिवाळीत तुमच्या लेथचं हँडल उलटं फिरवलं आणि जीव कासावीस झाला. पाव फेरा नुसता रिकामा जातो, मग कुठं स्क्रू नटाला धरतो आणि कापायचं टूल सरकतं. टूल नेहमी एकाच बाजूनं आणायचं, पुढं गेलं तर चांगलं मागं घेऊन पुन्हा यायचं, हे तुमचंच शिकवणं. पण झिजलेल्या नटाशी असं किती वर्षं जुळवून घ्यायचं? गेल्या आठवड्यात तुम्ही अणदूरला खंडोबाला गेलात तेवढ्यात येऊन नवा स्क्रू आणि नट बसवून टाकला. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. जुना नट निघेना, कापून काढावा लागला. आता शरणबसप्पांच्या गिरणीचे शाफ्ट डोळे मिटून करा.

न विचारता केलं म्हणून रागावू नका, लोभ ठेवा.
आपला,
विरुपाक्ष

उमरगा, १३ डिसेंबर

चि. विरूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी डबा घेऊन वर्कशॉपात जाईपर्यंत तुझं पत्र अप्पांच्या खिशात तसंच होतं. हात तेलकट आहेत, तूच वाच, म्हणाले. आई गेल्यापासून प्रत्येक पत्राच्या वेळी त्यांचे हात तेलकटच असतात. ऐकून म्हणाले, पोरानं लई जीव लावून केलंय, त्याला समदं झकास हाय म्हणून लिही.

झकास काही नाही. गिरणीचे शाफ्ट बिघडले. बेअरिंग बसायची जागा दर वेळी जास्तच कापली जाते आणि बेअरिंग खडखड हलतं. शरणबसप्पा इतक्या वर्षांचे गिऱ्हाईक. पण काल त्यांचा गडी शाफ्ट घेऊन सोलापूरच्या एसटीत चढला. अप्पा हँडलवर हात ठेवून नुसते बसून असतात. विचारलं तर म्हणाले, हँडल हाताला काय सांगंना गं. मला यातलं काय कळतं? इंजिनिअर तू, तूच सांग.

भाऊजींचा आशीर्वाद आहे. वेळेवर जेवत जा.
तुझी,
अक्का

चाकण, १९ डिसेंबर

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच झाकून ठेवला. हँडलच्या रिंगेवर मापाच्या रेघा असतात. दिवाळीत त्या काळ्या तेलानं बुजलेल्या मी पाहिल्या होत्या आणि अप्पा आळशी झालेत म्हणून हसलो होतो. ते रेघा बघतच नव्हते, अक्का. हँडल रिकामं फिरत फिरत जिथं जड व्हायचं, तिथून त्यांचा हात माप धरायचा. तो जडपणाच मी काढून टाकला. हात अजून त्याची वाट बघत पुढं जातो आणि शाफ्ट जास्त कापला जातो.

अप्पांना दिसत नाही. आम्हाला कुणालाच कळलं नाही.

इथं मी एक नट मुद्दाम ढिला करून बनवलाय, जुन्याइतकाच, तो या पत्रासोबत पाठवतोय. अप्पा चहाला गेले की शेजारच्या गॅरेजवाल्या नागप्पाकडून बसवून घे. त्यांना काही बोलू नकोस, तुझ्या पाया पडतो.

तुझा,
विरू

उमरगा, २८ डिसेंबर

चि. विरूस,
अ. उ. आशीर्वाद.

नट बसवला. अप्पांनी येऊन हँडल फिरवलं. रिकामं गेलं, मग जड झालं. त्यांच्या तोंडावर हसू आलं, आईच्या माघारी मी तसं पाहिलं नव्हतं. पण ते टिकलं नाही. त्यांनी पुन्हा एकदा फिरवून बघितलं आणि लेथचं बटण बंद केलं. म्हणाले, नट नवा असून झिजल्यावानी हाय, म्हंजी विरूला कळलं. तुलाबी, नागप्पालाबी. आता आंधळ्याकडं काम कोण टाकील?

शुगरनं डोळ्यांचे पडदे गेलेत. डॉक्टरकडं ते एकटेच केव्हाच जाऊन आले होते. नजर परत येणार नाही, हे त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. नागप्पा कुणाला सांगणार नाही, असं म्हणून मी अप्पांना पुष्कळ विनवलं. त्यांनी शटर ओढलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. विरू, मला फार रडू येतं रे. तुझ्यावर राग नाही. पण तू तो नट पाठवला नसतास तर बरं झालं असतं का, हेही मला सांगता येत नाही.

स्वतःला दोष देऊ नकोस असं त्यांनी लिहायला सांगितलंय. खाली सही स्वतःच करायचा हट्ट धरला. निम्मी कागदावर आहे. उरलेली टेबलाच्या फळीवर उमटली, ती मी पुसलेली नाही.

तुझी,
अक्का