अर्धी राहिलेली झडती

उंद्री,
पोळ्यानंतरचा चौथा दिवस, १९६४

प्रिय सिंधू,

हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच! माझ्या दोन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस, वाचलीही नसशील. तुझा राग मला कळतो. फिर्याद माझ्या आबांनी केली, कोठडीत तुझा भाऊ किसन गेला, मग त्याच घरातल्या अन्नपूर्णेला तू काय म्हणून जवळ करशील? पण आज माझ्या पोटात काही राहत नाही बाप्पा. तू तिकडे अकोल्याच्या दवाखान्यात नर्सिंग शिकतेस आणि इकडे आपल्या गावात काय होऊन बसलं ते तुला ठाऊकच नाही!

तुला पोलिसांनी सांगितलं तेवढंच माहीत, की किसननं हिंमतराव पाटलांची, म्हणजे आमच्या आबांची, घुंगरमाळ चोरली. कशी चोरली ते आता ऐक. नागपंचमीला आम्ही ती पितळी माळ चिंचेनं घासून ओट्यावर ठेवली होती. ती त्यानं उचलली, तुमच्या बांड्या बैलाच्या गळ्यात बांधली आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर बैल घेऊन वेशीपासून बौद्धवाड्यापर्यंत सारं गाव खणखणवत फिरला. अगं, चोरीचा माल कोणी वाजवत फिरतं का? तुमच्या शेजारच्या भिमाबाईला म्हणत होता, "पाटलाच्या बैलाले शोभते, तं आमच्या बांड्याले काऊन नाही? एक चक्कर मारतो अन् वापस देतो." आबांना माळ गेल्याचं दुःख नव्हतंच मुळी. आपल्या घरची माळ तुमच्या बैलाच्या गळ्यात वाजली, ते झोंबलं. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले. मग काय, घरात माय सोडून कोणी माझ्याशी बोलेना.

पुढच्या बाजाराला मी, भिमाबाई आणि भाजी विकणारी कलाबाई चिखलीला गेलो. भर बाजारातून पोलीस कैद्यांना कोर्टात नेत होते. एकाच दोराला सारे बांधलेले. पुढे दरोड्यातला एक मिशाळ गडी, आणि शेवटी आपला किसन, तेरा वर्षांचा, दोर कमरेवरून घसरतो म्हणून हातानं सावरत चाललेला. माय वो! कलाबाईची मेथी तिथेच सांडली. आम्ही तशाच तहसीलदारसाहेबांपुढे उभ्या राहिलो, कारण कोठडी त्यांच्याच ताब्यात. पोरांना मोठ्या कैद्यांत ठेवू नका, दोर लावू नका, एवढंच मागणं. साहेब म्हणाले, जागा नाही. भिमाबाईनं बोटानं दाखवलं, ही खोली मोडक्या खुर्च्यांनी भरलीय, त्या खुर्च्यांनी कोणता गुन्हा केला? साहेब चिडले आणि आम्हाला वाटेला लावलं. नवा महाराष्ट्र, नवा महाराष्ट्र म्हणतात, पण कोठडी जुनीच.

आणि मग आला पोळा! तुला आपल्याकडच्या झडत्या आठवतात ना? तोरणाखाली बैल उभे राहिले की ललकारी देऊन कोणाचीही टर उडवावी, आणि पाटील असो की साहेब, कोणी राग धरायचा नाही. या वर्षी आबांनी तहसीलदारांनाच पाहुणे म्हणून बोलावलं होतं. मी म्हटलं, आयतीच संधी! रात्र जागून झडती रचली आणि म्हाताऱ्या उकंडरावांना पाठ करायला दिली. त्यांच्यासारखा पहाडी आवाज पंचक्रोशीत नाही. त्यांनी सुरुवात तर झकास केली:

खण खण माळ, खण खण माळ,
चोर म्हणे, गावा, ऐक माझा ताल!
बैलाले सुट्टी, सुटला दोर...

आणि नेमकी आबांशी नजर भिडली. म्हाताऱ्याची बोबडीच वळली! अर्धी झडती सोडून तोरण तोडलं तर बैलांना वर्षभर पीडा, असं आपल्या गावात मानतात, म्हणून तोरण तोडून बैलांना घरीही सोडता येईना. बायकांनी पोळ्यात तोंड उघडायचं नसतं, मला माहीत आहे. पण ओट्यावरून माझ्याच तोंडून निघून गेलं, चांगलं खणखणीत:

अन् दोरात बांधलं कोनाचं पोर?

आबा लाल झाले. आणि माझ्या मागून, जन्मात आबांपुढे आवाज न चढवलेली माझी माय म्हणाली, "आपलं." तेवढंच. मग कलाबाईही तेच म्हणाली, मग बाया, मग गडी, आणि मग असा "हर हर महादेव" झाला की बैल उधळले! साहेब आधी हसत होते, नंतर खाली पाहू लागले. दुसऱ्या दिवशी मोडक्या खुर्च्या बाहेर निघाल्या. आता पोरं त्या खोलीत वेगळी असतात, आणि कोर्टात जाताना त्यांना दोर लावत नाहीत. झाली की नाही गंमत!

आबांनी त्या दिवशी पुरणपोळीला हात लावला नाही. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. सकाळी त्यांनी बैलगाडी जुंपली आणि म्हणाले, "चाल, चिखलीले." कोर्टात उभे राहून म्हणाले, "साहेब, माळ वाजत होती. चोरी वाजत नसते. मले फिर्याद नाही चालवायची." बाहेर येऊन मात्र डोळे पुसत होते, आणि मला म्हणे धूळ गेली.

आता खरं काम. कोर्ट किसनला सोमवारी सोडायला तयार आहे, पण रक्ताच्या माणसाच्या हवाली. नाही तर दूरच्या सुधारशाळेत पाठवतील. आई-बाप नाहीत, भिमाबाई पडली शेजारीण. तू एकटीच आहेस, सिंधू. अटकेचं ऐकून तू आलीस आणि परत जाताना "माझा भाऊ मेला" म्हणालीस, ते त्यानं ऐकलं आहे. सोमवारी सकाळच्या एसटीनं चिखलीला उतर. आबा गाडी घेऊन येतील, आणि एका बाजूला बांड्या जुंपलेला असेल, माळ घालून. काल मी किसनला भेटले, तर सुटण्याबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही. एकच विचारलं, "ताईले समजलं काय, का म्या माळ वापस देनार होतो?" मी "हाव" म्हटलं. काल ते खोटं होतं. तू इथवर वाचलं असशील, तर आता ते खरं झालं आहे.

तुझ्या एसटीची वाट पाहणारी, तुझीच
अन्नपूर्णा