विझलेला हिरवा दिवा

मंगळवार, संध्याकाळ

सुधाकरभाऊंना थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं. सेलूच्या आमच्या कापसाच्या जिनिंग मिलमध्ये ते कापूस वाहणाऱ्या पट्ट्यावर असतात, मी मशीनींचं इलेक्ट्रिकल बघते. आज कापूस अडकून पट्टा थांबला. मोटरी चालू-बंद करणाऱ्या पीएलसी कंट्रोलरच्या आउटपुट कार्डावर पट्ट्याच्या मोटरचा हिरवा दिवा विझलेला होता. म्हणजे मोटर बंद, असं मी धरून चालले. कापूस ओढायला हात घालणार, तेवढ्यात भाऊंनी माझी बाही धरली.

"थांबा मॅडम. मेन पाडल्याबिगर हात नाई. मले पाडू द्या."

मी वैतागले. दिवा विझलाय, दिसत नाही का यांना?

त्यांनी मेन स्विच पाडला. मग आम्ही कापूस काढला, स्विच वर केला, आणि हिरवा दिवा विझलेलाच असताना पट्टा आपोआप धावू लागला. कार्डाच्या आतला कॉन्टॅक्ट चिकटला होता; दिवा विझला तरी मोटरला वीज जातच होती. मी कार्ड बदललं. पण तो विझलेला दिवा डोळ्यांसमोरून जातच नाही. इतका विश्वास कसा ठेवला मी त्याच्यावर?

आत्ता भाकर मोडताना मध्येच थांबले. आई म्हणाली, "काऊन थांबली? गरम हाय का?"

हो म्हटलं. गरमच होती. पाचही बोटांना लागली.