जिभेवरचं पान

खालापूर, १ ऑगस्ट २०२४

चि. मनोज यास अ. उ. आ.

दोन महिने पत्र नाही, माफ कर. फोनवर बोललेलं बाबांना पलंगावरून ऐकू येतं, म्हणून लिहिते.

तुझ्या हॉटेलातून पाठवलेलं इटालियन तुळशीचं बी छान उगवलं. रंगाच्या डब्यात लावलं, पावसाचा मार नको म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलंय. तुरा येऊ देत नाही, शेंडे खुडते. शेजारच्या जनाकाकू टोकतात की सांजच्याला तुळस खुडतेस, शिकून काय उजेड पाडलास गं. वरणात तुळस घातलीस, आता देवालाच फोडणी दे.

घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशनचे शेक घेतल्यापासून बाबांची चव गेली. वासाने तरी पेज जाईल, असं तू म्हणाला होतास. म्हणून मंगळवारी एक पान त्यांच्या जिभेवर ठेवलं, टाळूला चिकटू नये म्हणून वर चमचाभर पाणी सोडलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मनोज पोचला का, असं विचारलं. दारात उभ्या जनाकाकूंनी डोक्यावर पदर घेतला. तेव्हा कळलं, मी काय केलं ते.

तेव्हापासून ते दुधाच्या दोन घोटांपलीकडे काही घेत नाहीत. ही ती तुळस नव्हे, असं सांगितलं. तर म्हणाले की आजाऱ्याला असंच सांगत्यात. निरोप दिल्यावर जेवाया कशाला थांबायचं, असं काकूंना म्हणाले.

तुझी माया आहेच, ती कमी होऊ नये.

समीक्षाताई

मडगाव, ५ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

बी माझं, युक्ती माझी. सगळा दोष एकटीने घेऊ नकोस. फोनवर मीही सांगून पाहिलं, तर म्हणाले की बहिणीची बाजू घेतोस रं.

आता सांगू नकोस, दाखव. डबा पलंगाशी ने आणि आपल्या तुळशीचं पानही शेजारी ठेव. जन्मभर शेती केलेला माणूस आहे, ओळखेल. सुट्टी मिळताच येतो.

रागाव, पण मायेत ठेव.

मनोज

खालापूर, ११ ऑगस्ट

चि. मनोज यास अ. उ. आ.

तसंच केलं. बाबांनी दोन्ही पानं चुरडून हुंगली आणि हसले. म्हणाले की ही तर सब्ज्याची बहीण हाय, देवाची तुळस नाय. मी धावत पेज आणली. त्यांनी वाटी हळूच सारली. म्हणाले की चूक तुझी नाय गं, पण मन एकदा निघायला तयार झालं आनि लई हलकं वाटलं. आता परत कशाला बांधतेस.

काल खोपोलीचे डॉक्टर म्हणाले की सोमवारी घरी येऊन पोटात अन्न जायला नाकातून नळी घालू. मी लगेच हो म्हटलं. घरी आल्यापासून स्वतःला विचारते आहे, ही नळी बाबांसाठी, की मला माझं पान विसरता यावं म्हणून? पान ठेवतानाही मी त्यांना विचारलं नव्हतं.

लवकर ये. तुझ्या मायेचा आधार आहे.

समीक्षाताई

ता. क. उद्याचं काम: डॉक्टर येण्याआधी बाबांना नळीबद्दल विचारायचं.