डुक्करं अन् माही हिरवी साडी

हिवरखेड, मंगळवार

आज पुन्हा कोबीचे वाफे उकरलेले. साडी हालली की रानडुक्करं भेतात म्हणून आमच्या घरधन्यानं, यायनं, माही हिरवी साडी वावराच्या तारेले बांधली. मले विचारलं? नाही. कोणतीबी बांधली तरी काय फरक पडते, म्हणे. पडते. माह्या भावाच्या लग्नातली होती.

त्यात पोरगी, पल्लवी. अमरावतीले इतिहास शिकते. फोनवर सांगून राहिली, "आई, आदिमानवानं डुकराले धरून नाई आणलं. उकिरड्यावर खायले भेटते म्हणून ते सोताच आले. जे मानसाले भेले नाई ते तिथंच राहिले. त्यायचेच पिल्लं पुढं पाळीव झाले."

"मंग मी काय करू, ओवाळू त्यायले?" म्हटलं अन् फोन ठेवला.

सांजेले बाजारातून परत आलेली नासकी कोबी वावराच्या बांधावर, धुऱ्यावर टाकाले गेली. रोजच टाकतो. हिरव्या साडीखालून डुकरीन आली, मागं पिल्लं. मी वरडली. हालली नाही. माह्या टोपल्याकडं पाहत उभी राहिली, गोठ्यातल्या गाईवानी.

साडी यायनं बांधली, पंगत मी वाढून राहिली. साडीवरून एवढी भांडली, आता हे कोणत्या तोंडानं सांगू?