साक्कोट्टैच्या घराचे प्रतिज्ञापत्र

६ जून १९९३. कुंभकोणम.
दुपारी पद्मा आली. कॉफी नको म्हणाली, तेव्हाच ओळखले की काही आहे. पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे ठेवले. ऑस्ट्रेलियाच्या सरकारचा फॉर्म. तिच्याच केंद्रात काम करणाऱ्या नीलची इथली मुदत या महिन्याअखेर संपते, तो ॲडिलेडला परत जाणार. तिथून तो हिला बोलावून घेणार, बायको म्हणून नव्हे, 'पार्टनर' म्हणून. लग्न नसले तरी त्यांच्या कायद्यात बसते म्हणे. मात्र दोघे एका घरात संसार करून राहतात याचा पुरावा पाहिजे. ओळखीच्या माणसांची प्रतिज्ञापत्रे. आईबापांची असल्यास उत्तम.
"अप्पा, तुम्ही लिहाल?"
एकतीस वर्षे सब-कोर्टात बसून लोकांची प्रतिज्ञापत्रे टाईप केली. पोटच्या मुलीने एक मागितले तर "बघू" म्हणालो. बघू!

७ जून
साक्कोट्टै इथून सायकलने पंधरा मिनिटे. पावणेदोन वर्षे झाली ती दोघे तिथे राहतात, मी एकदाही गेलो नाही. भांडण नाही. पद्मा रविवारी येते, जेवते, जाते. नीलचे नाव या घरात कोणी काढत नाही, एवढेच. मुलगी कुठे असते म्हणून कोणी पुसले तर "भात संशोधन केंद्रात" सांगतो. उत्तर खरे. पुरे नव्हे.
विसाव्या वर्षी मीच तिचे लग्न केले. बाविसाव्या वर्षी जावई काविळीने गेला. सासरचे म्हणाले कोपऱ्यात बसू दे. मी जाऊन तिला घेऊन आलो, शेतकी कॉलेजात घातले. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आमची मराठी मंडळी एका बाजूला, मी आणि सौ. एका बाजूला. तो अभिमान आजही आहे. मग या वेळेस मी का...

९ जून
वेंकटरावाला सांगितले. कोर्टातला जुना सोबती, दुसऱ्या कोणाला सांगणार. तो हसला. "अरे, एवढंच? एखाद्या देवळात दोन माळा, एक फोटो, रजिस्ट्रारची सही. आठ दिवसांत बायको. प्रतिज्ञापत्र कशाला पाहिजे?"
खरे आहे. सोपे आहे. सांजेस पद्माच्या केंद्रावर गेलो, फाटकाशीच उभ्याने पुसले, का करत नाही लग्न?
तिने हातातले भाताचे लोंबे खाली ठेवले. "अप्पा, पहिल्या वेळेस गळ्यात बांधलं तेव्हा मला कोणी पुसलं नाही. काढलं तेव्हाही नाही. आता माझा गळा मोकळा आहे. मला तसाच बरा वाटतो. नीलला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, तो बरं म्हणाला."
सायकल हातात धरून चालत घरी आलो.

११ जून
टाईपरायटर काढला. रिबन बदलली. 'मी, हनुमंत राव, वय ६४, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' इथपर्यंत सुरळीत. पुढे 'सदर दोघे एकत्र राहतात हे मला स्वतःच्या माहितीने ठाऊक आहे.'
नाही. मला ठाऊक नाही. ऐकले आहे. ऐकीव गोष्ट साक्षीत चालत नाही, हे मी इतक्या वकिलांच्या तोंडून ऐकले. जे पाहिले नाही ते शपथेवर कसे लिहू?
कागद काढून घेतला. पाहून यावे लागेल. नील सत्तावीसला जाणार, त्याच्या आत.

१३ जून
गेलो.
देवळाच्या मागच्या गल्लीत कौलारू घर. दारात केळी. नील ओसरीवर बसून तांदूळ निवडत होता, वेष्टी नेसून. मला पाहिले आणि सूप घेऊनच उभा राहिला. उंच माणूस, डोके कौलांना लागते.
"या अप्पा. बसा. मी कॉफी करते."
करते! पुढे "मी आत्ता येते." मला वाटले चेष्टा करतो. मग उमगले. मराठी शिकला ती पद्माकडून, ती जशी स्वतःबद्दल बोलते तसाच तो बोलतो. केंद्रात इंग्रजी, गल्लीत तमिळ, घरात ही आमची मराठी. कोणी त्याला सुधारले नाही. मीही सुधारले नाही.
घर पाहिले. साक्षीदार म्हणून पाहिले, लाजलो नाही. एक कपाट, अर्ध्यात तिच्या साड्या, अर्ध्यात त्याचे सदरे. भिंतीवर कॅलेंडर, त्यात दुधाचा हिशेब दोघांच्या अक्षरात. दारात दोन जोड चपला, त्याच्या होडीएवढ्या. मातीचे नमुने डब्यांत भरून ठेवलेले, प्रत्येकावर पद्माच्या हाताने नाव. गल्लीतली म्हातारी आली, त्याला 'नीलकंठन' म्हणून हाक मारून कढीपत्ता मागून गेली.
मग स्वैपाकघरात गेलो. फळीवर चार स्टीलचे डबे. झाकणावर कोरलेले नाव वाचले. हनुमंत राव, कुंभकोणम.
माझे डबे.
पद्मा चुलीकडे तोंड करून उभी. नील म्हणाला, "आई गुरुवारी आणते." पद्माने त्याच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

तोच दिवस, सांजेस
जेवायला बसलो. म्हणालो, "आपले चार डबे दिसत नाहीत."
सौ. वाढत राहिली. "पाहून आलात का?"
"हो."
"मग बरं झालं. आता लपवायचं काही राहिलं नाही." आणि मला रसम वाढले.
दर गुरुवारी ती देवळाला म्हणून जाते. मी समजलो, मठात. साक्कोट्टैचे शंकराचे देऊळही देऊळच, असे म्हणाली. दीड वर्ष! आम्ही वैष्णव, त्या देवळाच्या उंबऱ्याशी आमचे काय काम, असे मी कधी पुसले असते तर पकडली गेली असती. पुसले नाही.
राग आला का? आला. एक पान-तंबाखू होईपर्यंत टिकला. मग हेवा वाटला.

१६ जून
सौ. म्हणाली, "तुम्ही एक दिवस पाहिलं, मी दीड वर्ष. साक्ष माझी घ्या."
कायद्याने बरोबर बोलली. ती सांगणार, मी इंग्रजीत टाईप करणार असे ठरले. साहेबांच्या पुढे स्टेनो बसतो तसा बसलो. ती भाजी चिरत सांगत होती.
"लिहा. मागल्या वर्षी पद्मास विषमज्वर आला. एकवीस दिवस; तुम्हांस केंद्राच्या कामास परगावी गेली म्हणून सांगितलं. उठली तेव्हा केसांचा गोळा झालेला, बोट शिरेना. मी म्हटलं कापून टाकू. शेजारीणही म्हणाली कापा. पद्मा भिंतीकडे तोंड करून रडूं लागली. तुम्हांस ठाऊक आहे का ती कशास रडली ते?"
ठाऊक होते. काविळीने जावई गेला तेव्हा सासरी कात्री घेऊन बसले होते. मी पोचलो म्हणून केस वाचले.
"त्या गड्यास हे काही ठाऊक नाही. पण तो म्हणाला, कापायचं नाही. खोबरेल घेऊन बसला. एकेक बट. दोन दिवस बसला. तिसऱ्या दिवशी मी गेलें तर वेणी घालूला होता. वाकडी. पण वेणी. लिहिलंत का?"
लिहीत नव्हतो. चष्मा पुसत होतो.
"काय करूलां तुम्ही? लिहा ना!"
लिहिले. 'He untangled it by hand, over two days. I, her mother, saw this.' एकतीस वर्षांत यापेक्षा चांगले वाक्य माझ्या मशीनवरून गेले नाही.

२१ जून
नोटरीकडे. तरुण वकील, तमिळ. माझे एका दिवसाचे, तिचे दीड वर्षाचे, दोन्ही प्रतिज्ञापत्रे वाचली, एकदा माझ्याकडे, एकदा सौ.कडे पाहिले. "सर, इथं 'अविवाहित' हा शब्द आहे. असाच ठेवायचा?"
"असाच."
"गावात बोलतील सर."
सौ. म्हणाली, "तम्बी, शिक्का मार."
तिने सही देवनागरीत केली. बँकेत तमिळमध्ये करते. का म्हणून पुसले. म्हणाली, "हे घरचं आहे."

२७ जून
नील गेला. स्टेशनवर मी, सौ., पद्मा. दिवसाढवळ्या, फलाटाच्या मधोमध. आमचे दोघे तिघे नातलग तिरुविसनल्लूरला जायला निघालेले, त्यांनी पाहिले. मी हात वर करून बोलावले. ओळख करून दिली. "हा नील. पद्माचा." पुढे शब्द सुचेना. मग ध्यानात आले की वाक्य पुरे झाले आहे.
त्याने वाकून नमस्कार केला, दोघांना. "जाऊन येते," म्हणाला. नातलग हसू दाबत होते. सौ. नी डोक्यावर हात ठेवला, हात पोचावा म्हणून तो आणखी वाकला.
पद्मा रडली नाही. गाडी गेल्यावर म्हणाली, "अप्पा, भूक लागली."

११ जुलै
अपेक्षा होती ते झाले. मठात स्वामींच्या पुण्यतिथीच्या, आराधनेच्या तयारीची बैठक. बारा वर्षे चिटणीस मी. अध्यक्ष, माझेच चुलतभाऊ, घसा खाकरून म्हणाले, "हनुमंता, कोर्टाच्या आवारात काही ऐकलं. तू शपथेवर लिहून दिलंस म्हणे, आपली मुलगी लग्नावाचून..."
"दिलं."
"अरे, निदान कोणाला कळू तरी..."
"प्रत हवी का? कार्बन कॉपी आहे. बायकोची जास्त चांगली आहे."
मी म्हणालो, चिटणीस दुसरा पाहायचा असेल तर वही आत्ता देतो. वही पुढे केली. कोणी हात लावला नाही. मग धाकटा श्रीनिवास, कॉलेजात शिकवतो, म्हणाला, "काका, पानांचा आणि फुलांचा विषय राहिला आहे." तो विषय घेतला.
घरी येताना पाय हलके होते. वय विसरलो. सौ. ला सांगितले तर म्हणाली, "प्रत हवी का, असं खरंच म्हणालात?" तीन वेळा म्हणायला लावले.

२ ऑगस्ट
दिल्लीचे पत्र, ऑस्ट्रेलियाच्या कचेरीतून. अर्ज मिळाला. अधिकारी सतरा तारखेला सकाळी अकराला फोनवर बोलतील, 'अर्जदाराच्या आईशी'. माझ्याशी नाही. आमच्याकडे फोन नाही, समोरच्या डॉक्टरांचा नंबर दिला आहे.
मी सौ. ला प्रश्नोत्तरे शिकवू लागलो. तिने हात जोडले. "साक्षीदारास पढवायचं नसतं, तुम्हीच सांगता ना?"

१७ ऑगस्ट
डॉक्टरांचा दिवाणखाना. पद्मा रजा काढून आली, पण आत येईना, ओसरीवर बसली. अकरा वाजून वीस मिनिटांनी घंटी. अधिकारी बाई, मध्ये तमिळ सांगणारा दुभाषा. सौ. नी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. तिचीच बाजू मला ऐकू आली.
"हो, मीच आई."
"नाही. लग्न झालेलं नाही."
"नाही, करणारही नाहीत. ते तिचं तिने ठरवलं."
मग लांब प्रश्न. ती ऐकत होती.
"आधी वाटली, बाई. खोटं कशाला बोलू. लाज वाटली म्हणून तर चोरून जात होतें. आता मला त्या चोरीची लाज वाटते."
मग आणखी एक प्रश्न, छोटा. सौ. म्हणाली, "तिला पुसा. ती बाहेर बसली आहे. आमच्या घरात आता आधी तिला पुसतात."
पद्माला बोलावले. ती इंग्रजीत पाच मिनिटे बोलली, ताठ उभी राहून. मी कोर्टात मोठमोठे साक्षीदार पाहिले. अशा दोन बायका पाहिल्या नाहीत.
निकाल? "कळवू." इतकेच.

२९ ऑगस्ट
दिल्लीहून काही नाही. पद्मा म्हणते, होकार नाही आला तर? मी म्हणालो, अपील. मसुदा मी करीन. ती म्हणाली, "अप्पा, आला तरी मागे तुम्हांस करायला काही काम पाहिजे ना?" तेही खरे.
आला तर ती जाणार. हा विचार मी रोज अर्धाच करतो.

५ सप्टेंबर
नीलचे पत्र, पहिल्यांदा माझ्या नावे. इंग्रजीत. तिथली माती, थंडी, आईची तब्येत. एक खोली रंगवली आहे, पद्माला कोणता रंग आवडेल हे ठाऊक नव्हते म्हणून पांढरा दिला. शेवटी तीन ओळी देवनागरीत, मोठ्या गोल अक्षरात. त्यांतही 'मी वाट पाहते.'
उत्तर लिहायला बसलो. मायन्यालाच अडलो. 'डिअर मिस्टर' बरे दिसेना. सौ. म्हणाली, "इंग्रजी कशाला? चि. नील यास अनेक आशीर्वाद, असं लिहा. घरच्या मुलास लिहितात तसं."
"त्याला वाचता येईल?"
"पद्मा वाचून दाखवील."
"ती तिथे पोचली तर ना."
तिने शाईची बाटली पुढे सरकवली. मी मराठीत चार पाने लिहिली. इथे पाणी कालव्याला आले, साक्कोट्टैच्या केळीला घड लागला, तुझे 'येते' आम्ही सुधारणार नाही.
लिफाफा चिकटवला. वर नाव लिहिले. तिकीट लावले नाही. पद्माच्या प्रवासाच्या पेटीत ठेवायला सौ. कडे दिला.